घडीच्या चाकूची धारदुरुस्ती

चुकीच्या रीतीने धार लावल्यामुळे बिघडलेल्या, खिशात ठेवायच्या चाकूच्या पात्याला मूळ आकार, योग्य जाडी आणि सलग धार परत मिळवून देण्याची क्रिया. नेहमीच्या धार लावण्यात फक्त काठ नवा होतो. दुरुस्तीत पात्याची आकृतीच बदलावी लागते. पोलाद घासून काढता येते, परत भरता येत नाही. त्यामुळे ते किती आणि मुख्यतः कोणत्या बाजूने काढायचे, हाच या कामातला खरा प्रश्न आहे.

धार लावण्याला जुना मराठी शब्द ‘पाजवणे’. तो ‘पाजणे’पासून आला असे मानल्यास पोलादाला पाणी पाजण्याशी, म्हणजे तापवून विझवण्याशी त्याचा संबंध लागतो. ‘पाजळणे’ हा जवळचा शब्द मात्र संस्कृत ‘प्रज्वलन’कडे नेतो आणि त्यात धारेपेक्षा चकाकीचा भाव अधिक आहे. हे दोन्ही शब्द वापरात एकमेकांत मिसळले असणे शक्य आहे. तरी पहिल्या व्युत्पत्तीला सुश्रुतसंहिता या प्राचीन वैद्यकग्रंथातील कल्पनेचा काहीसा आधार मिळतो. तिच्या सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात शस्त्रांसाठी क्षार, पाणी व तेल अशी तीन प्रकारची ‘पायना’ (पाणी देणे) सांगितली आहे. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि धार बसवण्यासाठी शाल्मलीची, म्हणजे सावरीची फळी, असेही तिथेच म्हटले आहे. न्हाव्याचा चामड्याचा पट्टा आज जे काम करतो, तेच या फळीचे असावे. छेदनाच्या (कापून काढण्याच्या) शस्त्राची धार अर्ध्या केसाइतकी, भेदनाच्या (चिरण्याच्या) शस्त्राची मसुराएवढी, असे मापही दिले आहे. येथे मसुराच्या दाण्याची निमुळती कड अभिप्रेत असावी. सुश्रुताचा काळ काही जण इ. स. पू. सहाव्या शतकापर्यंत मागे नेतात. उपलब्ध संहितेत पुढे अनेक शतके भर पडत गेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तिच्यातील आठ शस्त्रदोषांत वक्र, कुंठ (बोथट), खंड (तुटके) आणि खरधार (खरखरीत धारेचे) यांचा समावेश आहे. घाईने चाकावर धरलेल्या आजच्या चाकूत हे चारही एकत्र भेटू शकतात.

धार लावणाऱ्या कारागिराचे ‘शिकलगार’ हे नाव फार्सी ‘सैकलगर’वरून आले असून त्यामागील अरबी धातूचा अर्थ घासून चकचकीत करणे असा आहे. म्हणजे शब्दार्थाने शिकलगार हा झिलई देणारा; धार लावणे हे त्याच कामाचे दुसरे अंग. लाखेत कुरुंदाची (एका अतिशय कठीण खनिजाची) पूड मिसळून केलेली चाके भारतात पूर्वापार वापरात होती.

घडीच्या चाकूत नेहमी दिसणारा बिघाड पात्याच्या मुळाशी असतो. मुठीलगतचा भाग जाड आणि बिनधारेचा असल्यामुळे सहाण तिथे अडते आणि तिच्या कडेने लगतच्या धारेत खड्डा पडतो. असे पाते फळीवर टेकवले, तर खड्ड्याखालून उजेड दिसतो आणि कांदा चिरताना फोडी तळाशी पापुद्र्याने जोडलेल्याच राहतात. दुसरा बिघाड म्हणजे हात सहाणेच्या कडेवरून घसरत गेल्याने गोल झालेले टोक. तिसरा डोळ्यांना सहज दिसत नाही, पण सर्वांत वाईट तोच. विजेच्या कोरड्या चाकावर पातळ काठ क्षणात तापतो आणि ‘पाणी उतरते’, म्हणजे पोलादाचा कठीणपणा जातो. पाते हाताला गार लागते म्हणून काठही गार होता, असे नाही. कार्बन पोलादावर सुमारे २२० अंश से.ला गवती पिवळी, तर ३०० अंश से.च्या आसपास निळी छटा येते. निळा झालेला भाग मऊ पडतो आणि त्यावर कितीही धार लावली तरी ती टिकत नाही. तो पूर्ण घासून टाकावा लागतो. स्टेनलेस पोलादावर हे रंग उशिरा उमटतात, म्हणून तिथे केवळ रंगावर विसंबता येत नाही.

दुरुस्तीत प्रथम धार १२० ते २२० क्रमांकाच्या (क्रमांक जितका लहान तितकी सहाण खरखरीत) सपाट सहाणेवर उभी धरून, ओल्या हाताने, खड्डा संपेपर्यंत घासतात. चांगली धार आपणच बोथट करायची, हे नवख्याला जिवावर येते. यानंतर पाते पातळ करण्याची पायरी येते आणि ती बहुधा टाळली जाते. पाठीशी २.४ मिमी. जाड व १२ मिमी. रुंद, सरळ उतरत्या पात्याची धार १ मिमी. मागे गेली, तर नव्या काठापाशी पाते ०.२ मिमी. जाड असते. त्यावर नुसता दोन्ही बाजूंनी २० अंशांचा उतार काढला, तर चाकू दाढी करेल, पण सफरचंद कापण्याऐवजी फोडेल. म्हणून आधी दोन्ही अंगे घासून जाडी कमी करतात आणि मग १,००० क्रमांकाच्या सहाणेवर नेहमीची धार लावतात. काठ दिव्यासमोर धरला असता जिथे चमक दिसते तिथे तो अजून बोथट आहे.

टोक नव्याने काढताना पाठीच्या बाजूने घासावे. धारेच्या बाजूने घासल्यास टोक वर चढते, चाकू मिटल्यावर मुठीबाहेर डोकावते आणि खिशात हात घालताच टोचते. ज्या चाकूत मिटलेले पाते स्प्रिंगवर टेकते, उदा., १८९१ पासून स्विस चाकू-कारागीर कार्ल एल्झेनर यांच्याकडून स्विस सैन्याला पुरवल्या गेलेल्या चाकूंच्या जातीत, तिथे आणखी एक उपाय आहे. पात्याच्या मुळाशी असलेली, स्प्रिंगवर टेकणारी टाच कानशीने किंचित घासली की पाते मुठीत खोल बसते. टाचेवर एका वेळी कानस दोन-तीनदांपेक्षा जास्त फिरवू नये आणि दर वेळी चाकू मिटून पाहावा. स्प्रिंगला मार्करची शाई लावून तपासणे सोपे जाते. शाई टाचेला लागली तर ठीक. धारेला लागली, तर टाच जास्त गेली आहे आणि यापुढे दर वेळी मिटताना धार स्प्रिंगवर आपटणार.