पांदणीवरची सायकल : फेरीला निघण्याआधी एवढं वाचून घ्या

सायकल भाड्याने घ्यायला आलेल्यांचा पहिला प्रश्न दराचा असतो आणि दुसरा वाघाचा. दर दुकानातल्या पाटीवर लिहिलेत, वाघाचं पुढे येईल. पण खरी चौकशी करायची ती मातीची. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या या पट्ट्यात त्या आठवड्यात पाऊस झाला की नाही, यावर रस्ता कसा मिळेल ते ठरतं, आणि आमचं वेळापत्रकही.

सायकल कोणती

आमच्याकडे मिळते ती ग्रॅव्हल बाइक. ती लांबून रेसिंगची सायकल वाटते, कारण खाली वळलेलं हँडल तेच. जवळ गेलं की फरक दिसतो. टायर 40 ते 45 मिलिमीटर रुंद, ब्रेक डिस्कचे, चढासाठी हलके गिअर आणि चौकट जराशी लांब, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर हात-पाठ लवकर भरून येत नाही. पुढे शॉकअप नाही. डोंगरात उड्या मारायला ही सायकल नाहीच. डांबर सोडून कच्च्या रस्त्याने दिवसभर चालत राहायला आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी 2006 पासून अशा रस्त्यांवर 200 मैलांची शर्यत होते. पहिलं जागतिक अजिंक्यपद 2022 साली इटलीत झालं. त्याच इटलीत, टस्कनीमध्ये, 1997 पासून लोक जुन्या सायकली काढून द्राक्षमळ्यांमधल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर फिरतात. आपल्याकडे द्राक्षं नाशिक-सांगलीला. आमच्या पांदणींच्या, म्हणजे वावरांमधून जाणाऱ्या कच्च्या गाडीवाटांच्या, दोन्ही बाजूंना संत्रा आहे, आणि सायकलवाल्याला संत्राच बरा असं आमचं मत आहे. सावली तरी मिळते.

मुरूम आणि काळी माती

आमच्या फेऱ्या दोन तऱ्हेच्या जमिनीवरून जातात. सातपुड्याच्या पायथ्याकडे बरड आहे: कुसळी गवत, बोरी, पळसाची झुडपं आणि खाली मुरूम. इथला काळा दगड झिजून झालेली ही तांबूस-पिवळी भरड पाणी धरून ठेवत नाही. रात्री सर आली तरी सकाळी मुरमावर सायकल चालते. फक्त वळणावर जपा. खाली जमीन टणक आणि वर सुटे खडे, अशा जागी पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरतं. वेग वळणाआधी कमी करा आणि वळणात ब्रेकवरची बोटं सैल ठेवा.

दुसरी जमीन काळी. कोरडी असते तेव्हा तिच्यासारखी सायकल कुठेच पळत नाही. ओली झाली की मात्र टायरला थर चढतो, त्यावर खडे नि काडीकचरा चिकटतो, आणि थोड्याच अंतरात टायर नि फोर्कमधली (चाक धरणाऱ्या दांड्यांमधली) फट भरून चाक फिरायचंच थांबतं. तेव्हा पेडलवर जोर लावू नका. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) स्पोकमध्ये ओढला जातो, कधी तो लटकवलेला हँगरच तुटतो, आणि तो तुमच्या अनामत रकमेतून जातो. उतरा, काडीने माती खरवडा, सायकल खांद्यावर घ्या आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, गवतावरून चालत मुरमापर्यंत या.

म्हणून पाऊस झाल्यावर कडक उन्हाचे दोन दिवस जाईपर्यंत काळ्या मातीच्या पांदणी आम्ही बंद ठेवतो. त्या दिवशी बरडावरचा छोटा फेरा घ्या, नाहीतर पैसे परत न्या. "एवढ्या लांबून आलो आहोत" हे आम्ही रोज ऐकतो, पण इथे आमच्या सायकलींपेक्षा पांदणीचा प्रश्न मोठा आहे. ओल्या मातीत पडलेल्या चाऱ्या वाळल्या की तशाच घट्ट होतात, आणि पुढे आठवडेच्या आठवडे कापसाची गाडी त्यांत आपटत जाते.

मार्च लागला की हीच माती भेगाळते. पुढचं चाक अडकेल एवढ्या रुंद भेगाही असतात. आमच्या फेऱ्या फेब्रुवारीअखेर थांबतात त्याचं हे एक कारण. दुसरं कारण ऊन. मे महिन्यात इथे पारा 45 च्या आसपास असतो, ते काही समजावून सांगायला नको.

चाकोरीबद्दल थोडं. बैलगाडीच्या पांदणीला दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा उंचवटा असतो. एक चाकोरी धरली की तीच धरून चला, नजर चाकाखाली नको, दहा-पंधरा मीटर पुढे ठेवा. तिरकं काढून मधल्या उंचवट्यावर चढायला गेलात की पुढचं चाक काठाला घासतं आणि तुम्ही आडवे. चाकोरी बदलायचीच असेल तर ती उथळ होईपर्यंत थांबा, किंवा सरळ उतरा. उतरण्यात कमीपणा नाही, या पांदणींवर सगळेच उतरतात.

हवा आणि काटे

साधारण 70 किलो वजनाच्या माणसासाठी आम्ही टायरमध्ये 30 ते 35 पीएसआय हवा भरतो. अंगठ्याने दाबून "हवा कमी आहे" म्हणू नका. टणक टायर खड्यांवर उडतो, नरम टायर त्यांना धरून चालतो.

इथले काटे हा वेगळा विषय आहे. बाभळीचा काटा लांब आणि सरळ, बोरीचा आकडा, आणि जमिनीवर पसरलेले सराटे, ज्यांचं एक टोक नेहमी वरच असतं. यामुळे आमच्या टायरांत ट्यूब नाही. आत सीलंटचा पांढरा द्रव असतो आणि तो लहान भोक आपोआप बुजवतो. काटा दिसला तर उपटा, फुसफुस ऐकू आली तर चाक फिरवून भोक खालच्या बाजूला आणा आणि थोडं थांबा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर सीटखालच्या पिशवीत ट्यूब, पंप आणि टायर उतरवायच्या पट्ट्या आहेत. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं जपून फिरवून उरलेले काटे काढा, नाहीतर नवी ट्यूबही लगेच जाईल.

बगीच्यातून जाताना

पांदणी गावनकाशावरचे रस्ते आहेत, त्यांवरून कुणीही जाऊ शकतं. पण आमच्या लांब फेरीत दोन ठिकाणी धुऱ्यावरून जावं लागतं, आणि ते त्या वावराच्या मालकांनी आम्हाला जाऊ दिलं म्हणून. तिथे वाटेत बाभळीची फांदी आडवी लावलेली असेल तर बाजूला करा, पार व्हा आणि पुन्हा होती तशी लावा. ठिबकचे किंवा पाण्याचे पाइप आडवे आले तर सायकल उचलून न्या.

संत्रा तोडू नका. झाडावर लगडलेला माल पाहून हात जातो, मान्य आहे. पण बरेच बगीचे फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकलेले असतात; मग मालकालाही तो तोडून देता येत नाही. बगीच्यावाल्याने स्वतः हातावर ठेवला तर नाही म्हणू नका, आणि साली खिशात घालून आणा.

डिसेंबर-जानेवारीत आलात तर काही बगीचे सुकल्यासारखे दिसतील, पानं मलूल, मुरडलेली. पाण्यावाचून झाडं मरायला लागली असं वाटून पाहुणे हळहळतात. तो ताण असतो. आंबिया बहारासाठी झाडाचं पाणी मुद्दाम तोडतात, मग खत-पाणी देतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत झाड पांढऱ्या फुलांनी भरतं. मृगाचा बहार पावसाळ्याच्या तोंडावर फुलतो आणि त्याचा माल साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. म्हणजे फेब्रुवारीत एका बगीच्यात तोडणी चाललेली आणि शेजारच्यात फुलांचा घमघमाट, असं एकाच फेरीत सापडतं. आमच्याकडून विचाराल तर यायचं ते तेव्हाच. मधमाश्या मात्र पुष्कळ असतात, चष्मा लावा.

फांद्यांना दिलेले बांबूचे टेकू कधी पांदणीपर्यंत येतात. मान खाली घ्या. आणि फवारणी चालू दिसली तर वारा तुमच्याकडे असो वा नसो, मागे फिरा. पाच मिनिटांच्या वळशासाठी औषध छातीत घेऊ नका.

समोरून बैलजोडी आली तर घंटी वाजवू नका, बैल बुजतात. सायकल बाजूला लावून उभे राहा आणि "राम राम काकाजी" म्हणा. मागून गाठलंत तर लांबूनच हाक द्या.

तारा आणि जनावरं

हा भाग प्रत्येकाने वाचायचा आहे. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) पीक खातात म्हणून वावरांना झटका मशीनच्या तारा असतात. त्या मशीनचा झटका जोराचा लागतो, जीव जात नाही. पण काही ठिकाणी लपूनछपून थेट लाइनचा करंटही सोडतात. ते बेकायदेशीर आहे आणि त्याने माणसं मेली आहेत. पाहून दोन्ही तारांतला फरक कळत नाही. म्हणून कुठल्याही तारेला हात नाही, सायकल टेकवायची नाही, आणि लघवीलाही तारेपासून लांब जायचं.

वाघ : 2018 च्या ऑक्टोबरात चंद्रपूरकडून आलेला एक वाघ अमरावती जिल्हा ओलांडून मध्य प्रदेशात गेला, आणि वाटेत त्याने दोन माणसं मारली. असं रोज होत नाही, पण होतच नाही असंही नाही. बिबट आणि डुकरं जास्त सापडतात. त्यामुळे फेरी उजाडल्यावर सुटते आणि सूर्य मावळायच्या तासभर आधी सायकली दुकानात परत हव्यात. वनखात्याने किंवा गावाने दवंडी दिली असेल तर त्या बाजूची फेरी रद्द, त्यावर वाद नको.

सोबत काय

दोन बाटल्या पाणी, टोपी, पूर्ण बोटांचे हातमोजे असल्यास उत्तम. हेल्मेट आम्ही देतो आणि ते डोक्यावरच हवं, हँडलला लटकवलेलं नको. थंडीत सकाळी पारा दहा-बाराच्या आसपास असतो आणि अकरा वाजता घाम फुटतो, तेव्हा एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे बरे. मोबाइलची रेंज बरडावर जाते-येते, म्हणून नकाशा कागदावर देतो.

जेवण लांब फेरीतच आहे: पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा, भाकर, वर ठेचा. तिखट कमी हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा, ऐन वेळी रस्सा फिका होत नाही. ज्वारी आली की हुरडाही असतो. महाशिवरात्रीला सालबर्डीच्या यात्रेची गर्दी असते, त्या आठवड्यात तिकडची फेरी सोडत नाही.

शनिवार-रविवारच्या फेरीसाठी गुरुवारी संध्याकाळपर्यंत नाव आणि प्रत्येकाची उंची कळवा. उंची इंचांत चालेल, फुटांत चालेल, "मध्यम" चालत नाही. पाच फुटांखालच्यांसाठी आमच्याकडे दोनच सायकली आहेत.