अल्पखर्ची युद्धपट

अल्पखर्ची युद्धपट : मोठे सैन्यबळ, रणगाडे, जहाजे आणि नामवंत नट यांच्यावाचून, बेताच्या भांडवलात व थोड्या दिवसांत चित्रित केलेला युद्धविषयक कथापट. गोव्याच्या संदर्भात या प्रकारात मुख्यतः ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘सात हिंदुस्तानी’ (१९६९) या चित्रपटाचा विचार करावा लागतो.

या प्रकाराचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकवाक्यता नाही. पुष्कळ ग्रंथांत हा मान जे. स्टुअर्ट ब्लॅकटन व अल्बर्ट स्मिथ यांच्या १८९८ मधील एका छोट्या पटाला दिलेला आढळतो. स्पेन-अमेरिका युद्धाला तोंड लागले त्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये तो चित्रित झाला. स्पेनचा झेंडा खाली ओढायचा आणि अमेरिकेचा वर चढवायचा, एवढेच काय ते त्यातले युद्ध. याच युद्धातील क्यूबाजवळची सँटियागोची आरमारी लढाईही आपण अशीच उभी केली, असे स्मिथ यांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींत म्हटले आहे. जहाजांची छायाचित्रे कापून लाकडाच्या तुकड्यांवर ठोकली, इंचभर पाण्यात सोडली, चिमूटचिमूट बंदुकीची दारू पेटवली आणि तोफांच्या धुरासाठी ब्लॅकटन यांच्या पत्नीने सिगारेट ओढली, असा तो वृत्तान्त आहे. तो वाचायला झकास असला, तरी घटनेनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी छापला गेला. त्यामुळे तो जपूनच घेतलेला बरा. त्याच वर्षी इलिनॉयमध्ये एडवर्ड ॲमेट यांनीही पाण्याच्या टाकीत नमुना-जहाजे झुंजवली होती आणि दोन्ही हकिगतींची सरमिसळ होण्याचा संभव आहे. फ्रान्समध्ये मात्र झॉर्झ मेल्येस यांनी १८९७ मध्येच ग्रीस-तुर्कस्तान युद्धाचे प्रसंग चित्रित केले होते; त्यांपैकी एकात जहाजाचा डेक हलता ठेवून समुद्राचा भास निर्माण केला आहे. कालक्रम पाहता अग्रमान मेल्येस यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. कोणताही पक्ष स्वीकारला, तरी युद्धपट जन्माला आला तो काटकसरीतच.

पुढे सॅम्युएल फुलर यांनी कोरियन युद्धावरील ‘द स्टील हेल्मेट’ (१९५१) सुमारे दहा दिवसांत पुरा केला. लॉस एंजेलिसचे ग्रिफिथ पार्क हेच कोरिया, महाविद्यालयीन विद्यार्थी हेच सैनिक आणि रणगाडा प्लायवुडचा. युद्धकाळातील अस्सल चित्रफिती कथेत गुंफण्याचा दुसरा मार्ग स्टुअर्ट कूपर यांच्या ‘ओव्हरलॉर्ड’मध्ये (१९७५) दिसतो. बर्लिन चित्रपट महोत्सवात ‘रौप्य अस्वल’ हा पुरस्कार मिळूनही तो बराच काळ दुर्लक्षितच राहिला. भारतात मोठ्या युद्धपटांची भिस्त लष्कराच्या सहकार्यावर राहिली आहे.

गोव्यातील प्रत्यक्ष लष्करी कारवाई अल्पखर्ची निर्मात्याच्या आवाक्यातली नव्हती. ‘ऑपरेशन विजय’ १८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत आटोपले. त्यातल्या पडद्यावर शोभतील अशा चकमकी पाण्यावर झाल्या : मुरगाव बंदरात ‘आफोंसो द आल्बुकेर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेने दिलेली झुंज, नंतर तिचे बांबोळीच्या किनाऱ्याजवळ रुतणे, आणि अंजदीव बेटावरील भारतीय नौसैनिकांची प्राणहानी. जमिनीवर होते ते पाडलेले पूल आणि ओलांडायच्या नद्या. याउलट त्याआधीचा लढा सीमेवरून चालत जाणाऱ्यांचा होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्यातील पत्रादेवी आदी ठिकाणी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, परंतु त्या दिवशी एकूण वीसहून अधिक जण हुतात्मा झाले असे सामान्यतः मानतात. हा विषय कॅमेऱ्याला रान, पायवाट आणि माणसे यांपलीकडे फारसे काही मागत नाही.

अब्बास यांनी नेमका हाच धागा उचलला. रुग्णशय्येवरील मारिया ही गोमंतकीय स्त्री आपल्या जुन्या साथीदारांची आठवण काढते. वेगवेगळ्या प्रांतांचे सहा जण तिच्यासह पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात शिरून तिरंगा फडकवतात, अशी कथा. पात्रयोजना मुद्दाम उलटसुलट केलेली आहे : बंगाली उत्पल दत्त पंजाबी, मल्याळी मधू बंगाली, तर जलाल आगा मराठी सखाराम शिंदे झाले. बिहारी अन्वर अलीच्या भूमिकेत अमिताभ बच्चन प्रथमच पडद्यावर आले. चित्रीकरण गोव्यातच, मुक्तीनंतर जेमतेम आठ वर्षांत आणि कृष्णधवल फिल्मवर झाले. मंडळी तिसऱ्या वर्गाने आली आणि आपापल्या वळकट्या पसरून जमिनीवर झोपली, अशी आठवण सांगितली जाते. रंगभूषाकार पंढरी जूकर यांना मुंबईस जाणे भाग होते म्हणून त्यांनी दाढी आधीच चिकटवून दिली आणि ती सुटू नये यासाठी बच्चन यांनी काही दिवस तोंडाला पाणी लावले नाही, ही हकिगत तर मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. चित्रपट चालला नाही. राष्ट्रीय एकात्मतेवरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला आणि गीतलेखनाचा कैफी आझमी यांना मिळाला. नंतर मात्र तो ‘अमिताभचा पहिला सिनेमा’ एवढ्याच ओळखीवर उरला. लिस्बनच्या तुरुंगातून गोवा मुक्तिलढ्यातील सेनानी मोहन रानडे सुटले तेही १९६९ मध्येच, हा योगायोग सहसा कोणी नोंदवत नाही.

हा युद्धपट की नुसता देशभक्तिपर चित्रपट, असा प्रश्न निघतो. लढणाऱ्यांच्या हाती शस्त्र नाही म्हणून त्याला युद्धपटांतून वगळतात. तथापि सशस्त्र सीमा, घुसखोरी, पकडले जाण्याचे भय आणि छळ ही युद्धपटाची सारी अंगे त्यात आहेत; शस्त्रे एकाच बाजूला आहेत, इतकाच फरक. त्यामुळे पहिले वर्गीकरणच ग्राह्य धरावेसे वाटते. संवाद काही ठिकाणी भाषणाच्या अंगाने जातात हा दोष खरा. पण त्याचा संबंध पैशाशी नाही, अब्बास यांच्या लेखणीशी आहे. रसास्वादाच्या दृष्टीने पाहायची ती माणसांची चाल, थकवा आणि परस्परांवरचा अविश्वास हळूहळू विरत जाणे.

मुक्तीनंतरच्या ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) या कोकणी चित्रपटांचा ओढा कौटुंबिक कथेकडे होता. ‘द सी वुल्व्ज’ (१९८०) हा १९४३ मधील मुरगाव बंदरातील जर्मन जहाजांच्या प्रकरणावर बेतलेला, पण तो बड्या नटांचा आणि बड्या खर्चाचा. श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’मध्ये (१९८५) १९६१ चे युद्ध लोटलीच्या एका वाड्याच्या पार्श्वभूमीपुरतेच येते.

अल्पखर्ची प्रकाराला सर्वांत साजेसा गोमंतकीय विषय म्हणजे वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ या काळात सीमेवरच्या रानातून चालवलेले भूमिगत नभोवाणी केंद्र : दोन माणसे, एक प्रक्षेपक आणि पावसाळे. मुक्तीची बातमी त्यांनी विमानातून ध्वनिवर्धकावर गोवेकरांना सांगितली. तो एक प्रसंग मात्र बेताच्या भांडवलात बसणारा नाही.