शारीरिक हालचाल आणि मुलांची वाढ

खेळ, व्यायाम आणि रोजची धावपळ यांचा मुलांच्या शरीरावर होणारा परिणाम. यात वाढ आणि परिपक्वता वेगवेगळ्या धरतात. उंची, वजन वाढणे ही वाढ. शरीर प्रौढपणाच्या वाटेवर किती पुढे गेले ती परिपक्वता. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात, म्हणजे हाडे किती परिपक्व झाली यावरून ठरणाऱ्या वयात, दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते.

दांड्याला लटकले की उंची वाढते, हा समज खरा नाही. उंची मुख्यतः आनुवंशिकता आणि आहार ठरवतात. व्यायामाने ती वाढत नाही, आणि खाणे पुरेसे असेल तर खुंटतही नाही.

खरा लाभ हाडांना होतो. मुलींची उंची साधारण 12व्या आणि मुलग्यांची 14व्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते. त्याच्या मागचे-पुढचे एकेक वर्ष धरले, तर प्रौढ हाडांतल्या खनिजाचा सुमारे चौथा हिस्सा तेवढ्या काळात साठतो. त्यासाठी हाडांवर भार पडावा लागतो. पोहण्याने दम वाढतो, पण पाण्यात हाडांवर तो भार फारसा येत नाही. गोव्यात चतुर्थीला मुली फुगड्या घालतात, त्यांतल्या उड्यांनी आणि पाय आपटण्याने तो येतो. मात्र चार दिवसांच्या सणाने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या शिफारशीनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे दमवणारी हालचाल हवी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे-स्नायू बळकट करणारे खेळ हवेत.

अतिरेकही घातक. कठोर सरावाला अपुऱ्या जेवणाची जोड मिळाली की मुलींची पाळी लांबते. उंची झपाट्याने वाढताना सतत धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांच्या गुडघ्याखालचा उंचवटा दुखू लागतो. त्याकडे 'नाटक' म्हणून पाहू नये, सराव कमी करावा.

फुटबॉल हा 2012पासून गोव्याचा राज्यखेळ आहे. कापणी झालेल्या कुणग्यांत (भातशेताच्या तुकड्यांत) अनवाणी खेळणारी मुले वय पाहून संघ पाडत नाहीत. वयोगटांच्या स्पर्धा मात्र जन्मतारखेवर चालतात. तिथे लवकर वयात आलेला मुलगा थोराड आणि वेगवान असल्याने निवडला जातो, उशिरा वाढणारा मागे राहतो. हा अन्याय आहे, कारण उशिरा वाढणारे पुढे बहुधा उंचीत बरोबरी गाठतात. इंग्लंडमधील काही फुटबॉल अकादमींनी म्हणून परिपक्वतेनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले. त्यात किरकोळ मुलाला आपल्या अंगाच्या मुलांशी खेळताना चेंडूवरचे कसब दाखवता येते, आणि थोराड मुलाला नुसत्या धक्क्याने चेंडू मिळत नाही.