अर्जातल्या रकान्यांमागचा इतिहास

दोन-तीन विद्यापीठांनी मिळून काही काम करायचे ठरवले आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय अनुदानाचा अर्ज उघडला, की चांगले अनुभवी प्राध्यापकही गांगरतात. मूळ कल्पना दोन पानांत मावते, अर्ज मात्र संपता संपत नाही. भागीदार हेच का? गरज कोणाची आणि ती ठरवली कोणी? निधी थांबल्यावर काम चालू कसे राहणार? हे प्रश्न छळण्यासाठी घातले आहेत असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यातला प्रत्येक प्रश्न कुठल्या तरी काळात, कुठल्या तरी अनुभवातून आलेला आहे. तो अनुभव माहीत असला तर उत्तर लिहिताना हात अडखळत नाही, असे मला मनापासून वाटते.

सुरुवातीला पैसा विद्यापीठाला नव्हे, माणसाला मिळत असे. जर्मनीत 1925 साली हायडेलबर्गमध्ये सुरू झालेली डाड ही संस्था विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीतून उभी राहिली. फुलब्राइट योजनेची कथा तर फारच बोलकी आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेचे अतोनात लष्करी सामान जगभर पडून होते. ते विकत घेऊ पाहणाऱ्या देशांकडे डॉलर नव्हते आणि त्यांच्या चलनात मिळालेला पैसा अमेरिकेत नेऊन उपयोग नव्हता. सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांनी सुचवले की हा अडकलेला पैसा त्याच देशांशी शैक्षणिक देवाणघेवाण करण्यासाठी वापरावा. 1 ऑगस्ट 1946 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्या कायद्यावर सही केली. योजना मोठी झाली, टिकली. पण शिष्यवृत्ती घेऊन गेलेला अभ्यासक परतला की दोन विद्यापीठांमधला धागा त्याच्यापुरताच उरायचा.

संस्थेने संस्थेशी करार करण्याला जोर आला तो ट्रुमन यांच्या जानेवारी 1949 च्या भाषणानंतर. विकसनशील देशांना तांत्रिक मदत देण्याचा मुद्दा त्या भाषणात होता आणि पुढे अमेरिकी विद्यापीठे सरकारी पैशावर परदेशी विद्यापीठांची उभारणी करू लागली. कानपूरच्या आयआयटीचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण ‘कॉन्सॉर्शियम’ म्हणजे काय हे तिथे नीट दिसते. 1962 ते 1972 या दहा वर्षांत एमआयटी, प्रिन्स्टन, बर्कली, पर्ड्यू यांच्यासह नऊ अमेरिकी संस्था एकत्र येऊन तिथे काम करत होत्या. त्यांचे प्राध्यापक कानपूरला राहून शिकवत, अभ्यासक्रम रचत. 1963 साली तिथे आयबीएम 1620 संगणक आला. नुसते यंत्र देऊन कोणी थांबले नाही, ते वापरायला शिकवणारे वर्गही त्याबरोबर सुरू झाले. आजच्या अर्जात उपकरणांच्या खर्चासमोर ‘हे कोण वापरणार, त्यांना प्रशिक्षण कोण देणार’ हे लिहावे लागते. हा प्रश्न कानपूरमध्ये साठ वर्षांपूर्वीच सुटलेला होता.

तरीही त्या काळाचा साचा एकतर्फी होता. पैसा एका बाजूचा, तज्ज्ञ त्याच बाजूचे, आणि काय हवे हे ठरवणारेही बहुधा तेच. काम खरोखर झाले की नाही हे तपासायचे कसे, हा प्रश्न देणाऱ्यांनाही पडू लागला. 1969 च्या सुमारास यूएसएड या अमेरिकी मदतसंस्थेसाठी ‘लॉजिकल फ्रेमवर्क’ नावाचा तक्ता तयार झाला. उद्दिष्ट, फलित, निदर्शक (काम झाले हे दाखवणारी मापे) आणि गृहीतके यांचे हे चौकटीतले कोष्टक. युरोपीय आयोगाने 1990 च्या दशकात ते आपल्या कार्यपद्धतीत आणले. ‘लॉगफ्रेम’ म्हणून आपण ज्याच्याशी झटापट करतो, ते हेच.

युरोपात दरम्यान वेगळी वाट तयार होत होती. 1976 पासून संयुक्त अभ्यासक्रमांसाठी छोटी अनुदाने मिळत. 1987 साली इरास्मस ही विद्यार्थ्यांना काही काळ दुसऱ्या युरोपीय देशात शिकायला पाठवणारी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी 11 देशांतले 3,244 विद्यार्थी गेले. परत आल्यावर तिकडचा अभ्यास इथे धरायचा कसा, हा पेच लगेच उभा राहिला. म्हणून 1989 पासून समान श्रेयांकांची (क्रेडिट्सची) पद्धत प्रायोगिक स्वरूपात आली.

सहकार्य प्रकल्पांच्या अर्जाचा खरा पूर्वज मात्र टेम्पस, म्हणजे पूर्व युरोपातल्या विद्यापीठांना साथ देण्यासाठी काढलेली युरोपीय योजना. बर्लिनची भिंत नोव्हेंबर 1989 मध्ये पडली आणि सहाच महिन्यांत, 7 मे 1990 रोजी, या योजनेला मंजुरी मिळाली. सुरुवात पोलंड आणि हंगेरीपासून झाली. त्यातल्या संयुक्त प्रकल्पांची अट साधी होती. पूर्वेकडचे किमान एक विद्यापीठ हवे आणि युरोपीय समुदायाच्या (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाच्या) किमान दोन देशांतले भागीदार हवेत. दोनच संस्थांचा करार असला की नाते देणारा आणि घेणारा असे होऊन बसते. तिसरा आला की तुलना होते, पर्याय दिसतात, एकाच देशाची पद्धत जशीच्या तशी उचलली जात नाही. किमान भागीदारसंख्येची अट आज अनेकांना नुसती कटकट वाटते. मला ती सगळ्या नियमांत शहाणपणाची वाटते. टेम्पस पुढे जुन्या सोव्हिएत प्रजासत्ताकांत, पश्चिम बाल्कनमध्ये, उत्तर आफ्रिकेत पोचले आणि 2013 पर्यंत चालले.

2014 मध्ये इरास्मसची विस्तारलेली योजना, इरास्मस प्लस, आली आणि टेम्पसचा वारसा उच्च शिक्षणातील क्षमताबांधणीच्या प्रकल्पांकडे गेला. या प्रकल्पांच्या अर्जाला 100 पैकी गुण मिळतात आणि 60 च्या खाली गेलेला अर्ज बाद होतो. ‘प्रस्तुतता’ या एकाच निकषाला 30 गुण आहेत. म्हणजे प्रकल्प ज्यांच्यासाठी आहे त्या विद्यापीठांची गरज दाखवण्याला कार्ययोजनेइतकेच वजन. उपकरणांचा खर्चही त्याच विद्यापीठांसाठी करता येतो, युरोपातल्या भागीदारांसाठी नाही. एकतर्फी काळाला दिलेले हे उत्तर आहे. एका अर्जाच्या मसुद्यात गरजेचा सगळा परिच्छेद समन्वयक विद्यापीठानेच लिहिलेला मी पाहिला आहे. भागीदाराच्या कुलगुरूंचे पत्र आले ते नमुना पत्रातली रिकामी जागा भरून, सही करून. वाचताक्षणी कळत होते की त्या विद्यापीठाला कोणी काही विचारलेलेच नाही. त्या अर्जाला पैसे मिळाले नाहीत आणि ते योग्यच झाले.

निधी संपल्यावर काय, या रकान्याला तर गेल्या काही काळात फार कठोर अर्थ आला आहे. 1961 साली स्थापन झालेल्या यूएसएडचे मदतकार्य 1 जुलै 2025 पासून थांबले. तिच्या पैशावर चाललेले विद्यापीठांमधले अनेक प्रकल्पही अर्ध्यावर राहिले. ‘विद्यापीठ पुढे आपल्या निधीतून करेल’ एवढे एक वाक्य तिथे लिहून भागत नाही. नवा अभ्यासक्रम कोणत्या विभागाकडे जाणार, शिक्षकाचे पद मंजूर आहे का, प्रयोगशाळेची देखभाल कोणाच्या अंदाजपत्रकात धरली आहे, हे लिहावे लागते.

हिशोबाची पद्धतही बदलली आहे. पूर्वी प्रवासाची तिकिटे, कामाच्या तासांचे तक्ते, पावत्या जपून ठेवाव्या लागत. आता युरोपच्या बऱ्याच प्रकल्पांत ठोक रक्कम ठरते आणि वर्क पॅकेज, म्हणजे प्रकल्पातल्या कामाचा ठरवून पाडलेला एक भाग, पूर्ण झाले की त्याचा वाटा मिळतो. पावत्यांचा जाच कमी झाला, पण सगळा भार अर्जाच्या आखणीवर आला. प्रशिक्षण, अभ्यासक्रम आणि त्याची शासकीय मान्यता हे सगळे एकाच पॅकेजमध्ये कोंबले आणि मान्यता वेळेत आली नाही, तर झालेल्या प्रशिक्षणाच्या रकमेलाही कात्री लागू शकते. म्हणून आपल्या हातात नसलेली गोष्ट वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवावी, आणि त्याचा वाटा किती असावा हे भागीदारांशी बोलून, अर्ज भरण्याआधीच ठरवावे.