अ‍ॅल्युमिनियमचे खड्डे मोजायचे कसे, याची जुनी गोष्ट

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असं आपण धरून चालतो, पण घरातला जुना टोप उजेडाकडे धरून बघा, मीठ-चिंचेचं कालवण रात्रभर राहून राहून तळाला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडलेली असतात आणि बाकी टोप ठणठणीत. पिटिंग म्हणजे हेच.

विमानात ही डोकेदुखी ड्युरालुमिन नावाच्या मिश्रधातूसोबतच आली. 1906 च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्मला कळलं की अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं तांबं आणि मॅग्नेशियम घातलं की ते तापवून थंड केल्यावर पुढचे काही दिवस आपोआप कडक होत जातं. पण ज्या तांब्याने ताकद दिली त्याचेच कण खारट ओलाव्यात शेजारचं अ‍ॅल्युमिनियम खायला लावतात. 1927 मध्ये अल्कोआ या अमेरिकन कंपनीने यावर अल्क्लॅड काढलं, म्हणजे पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचं अस्तर.

मोजायची जुनी रीत म्हणजे वजन, नमुना अ‍ॅसिडने साफ करायचा आणि किती घटला ते बघायचं. खड्ड्यांच्या बाबतीत हे जवळजवळ निरुपयोगी, कारण वजन नावालाच घटतं आणि पत्रा आरपार गेलेला असतो! मग मायक्रोस्कोप आला, खड्ड्याच्या काठावर फोकस करायचा, मग तळावर, आणि नॉब जितका फिरला तितकी खोली. पण खड्डा आत जाऊन आडवा पसरला असेल तर तळ दिसतच नाही. शिवाय सगळ्यात खोल खड्डा तुमच्या छोट्या नमुन्यातच असेल कशावरून? 1956 मध्ये अझीझ नावाच्या संशोधकाने यासाठी नदीच्या महापुराच्या अंदाजाला वापरतात तेच टोकाच्या आकड्यांचं गणित अ‍ॅल्युमिनियमच्या खड्ड्यांना लावलं, मला तर या सगळ्यात हीच युक्ती सगळ्यात भारी वाटते.

फटिगची, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून धातू थकून तडकण्याची, बाजू संशोधक मॅकअ‍ॅडमने 1920 च्या दशकातच दाखवली होती, आधी नमुना गंजवायचा आणि मग वाकवत राहायचं, आयुष्य घटतंच. पण खड्डा म्हणजेच तडा सुरू व्हायची जागा, तो किती खोल झाला की तडा सुटतो याचा हिशेब हेपनर वगैरे संशोधकांनी 1970 च्या दशकात मांडला. लोक खडबडून जागे झाले ते 28 एप्रिल 1988 ला, हवाईतल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाचं सुमारे 18 फूट छत हवेत उडालं तेव्हा. 89,680 उड्डाणं, तीही समुद्रावरची, पत्र्यांच्या जोडाचा चिकटा सुटलेला, आत ओलावा, आणि रिव्हेटच्या भोकांपासून निघालेले तडे एकमेकांना मिळालेले. त्यानंतर जुन्या विमानांवरच्या संशोधनाला खरा पैसा मिळाला.

आता एक्स-रेने खड्डा आतून बघता येतो, तरी तडा दरवेळी सगळ्यात खोल खड्ड्यातूनच निघतो असं नाही, कधी शेजारी-शेजारी असलेले दोन उथळ खड्डेच आधी फुटतात.