लॅमिनार फ्लो म्हणजे बायोसेफ्टी कॅबिनेट नव्हं!

कोल्हापुरात मायक्रोबायोलॉजीच्या पोरांकडनं अजून ऐकायला मिळतं, "लॅमिनार फ्लोला हेपा फिल्टर हाय, व्हायरसचं सॅम्पल उघडलं तरी काय होत नाही". हे चूक आहे आणि लई धोक्याचं आहे. हेपा, म्हणजे हवेतले बारीक कण गाळणारा फिल्टर, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७% कण अडवतो हे खरं, पण लॅमिनार फ्लोच्या टेबलात (क्लीन बेंचमध्ये) ती गाळलेली हवा सॅम्पलवरनं थेट तुमच्या तोंडावर येते, म्हणजे वाचतं ते सॅम्पल, तुम्ही नाही. क्लास २ बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, म्हणजे काम करणाऱ्यालापण वाचवणाऱ्या पेटीत, समोरनं हवा आत ओढली जाते, साधारण सेकंदाला अर्धा मीटर, आणि बाहेर सोडताना परत गाळली जाते. पण समोरची जाळी वहीनं झाकली किंवा हात भराभर आतबाहेर केले की तो प्रवाहपण मोडतो. आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील प्रकाश) लावला म्हणून कॅबिनेट पुसायचं सोडू नका, सावलीत तो पोचत नाही.