शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे (१९६३)

अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने १९६३ सालासाठी काढलेली दोन आसनी स्पोर्ट्‌स कार. कॉर्व्हेट घराण्याची ही दुसरी पिढी. हौशी मंडळी तिला 'सी-टू' म्हणतात. बंद टपाच्या कूपे प्रकारात मागची काच मधोमध एका उभ्या पट्टीने दुभागलेली होती. अशी काच त्या एकाच वर्षी आली, आणि संग्राहकांत या कूपेला आज जो भाव आहे तो बराचसा त्या पट्टीचा आहे.

पहिली कॉर्व्हेट जानेवारी १९५३ मध्ये न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात लोकांपुढे आली. त्या वर्षी मिशिगनमधील फ्लिंट येथे अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या, सगळ्या बाहेरून पांढऱ्या आणि आतून लाल. बॉडी पत्र्याऐवजी फायबरग्लासची. इंजिन मात्र सहा सिलिंडरांचे आणि ऑटोमॅटिक गिअर दोनच. रूप शर्यतीचे आणि चाल घरगुती, अशी तिची गत होती. १९५५ मध्ये आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन मिळाले, आणि ब्रुसेल्समध्ये जन्मलेले अभियंते झोरा आर्कुस-डुंटोव्ह यांनी तिला खरोखर पळायला शिकवले.

१९६३ च्या गाडीचे रूप ठरवताना याच डुंटोव्ह यांची डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांच्याशी जुंपली. मिचेल यांना बॉनेटपासून शेपटापर्यंत सलग धावणारा कणा हवा होता. काचेतली पट्टी हा त्याचाच भाग. डुंटोव्ह यांचे म्हणणे साधे होते: चालकाला मागचे दिसत नाही. मिचेल हटले नाहीत. डिझायनर लॅरी शिनोडा यांच्या हातून उतरलेली ती आकृती कारखान्यात गेली, आणि १९६४ च्या मॉडेलमध्ये पट्टी काढून अखंड काच बसवण्यात आली. गाडी चालवायची म्हटली तर डुंटोव्ह यांचेच बरोबर होते. बाजाराने मात्र निकाल मिचेल यांच्या बाजूने दिला.

आतले काम रूपाइतकेच नवे होते. पोलादी शिडीवजा चासी, दोन चाकजोड्यांमधले अंतर १०२ इंचांवरून ९८ वर आणलेले, आणि मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. त्यासाठी गाडीच्या लांबीत बसणाऱ्या नेहमीच्या दोन पाट्यांऐवजी (लीफ स्प्रिंगांऐवजी) एकच पाटा आडवा टाकला होता. इंजिन ३२७ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ५.४ लिटरचे, निवडीप्रमाणे २५० ते ३६० हॉर्सपॉवर. सर्वांत वरच्या इंजिनात कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन होते. हेडलाइट मोटरवर फिरून नाकात लपत. कूपेच्या डिकीला झाकणच नव्हते. सामान सीटच्या मागून आत ढकलावे लागे. सेंट लुईसच्या कारखान्यातून त्या वर्षी २१,५१३ गाड्या निघाल्या, त्यांपैकी १०,५९४ कूपे होत्या. कूपेची मूळ किंमत ४,२५७ डॉलर होती. शर्यतीसाठीचा 'झेड-०६' संच फक्त १९९ गाड्यांना बसला.

म्हणजे १९६३ ची कूपे तशी दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती न बिघडवलेली. अखंड काच आल्यावर काही मालकांनी आपल्या गाडीतली पट्टी करवतीने कापून नवी काच बसवून घेतली होती. गाडी नवी दिसावी आणि मागचेही दिसावे म्हणून. पुढे भाव चढला तेव्हा त्याच गाड्यांत पट्ट्या परत घातल्या गेल्या. फायबरग्लासमध्ये कापणे-जोडणे सोपे, त्यामुळे जाणकार आधी आतल्या बाजूचे सांधे पाहतो.

'बॉडी गंजत नाही' हे विक्रेत्याचे वाक्य खरे आणि तितकेच फसवे आहे. फायबरग्लासखाली चासी पोलादाची आहे, आणि पुढच्या काचेभोवती व दरवाजांच्या चौकटीत पोलादी सांगाडा आहे. त्याला 'बर्डकेज' म्हणतात. पाणी तिथे मुरते. वरून आरशासारखी चकाकणारी गाडी आतून पोखरलेली निघू शकते. म्हणून पुरते काम करायचे तर बॉडी चासीवरून उचलून वेगळी करतात.

किमतीचा दुसरा आधार म्हणजे इंजिनावरचे आकडे. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाच्या, पुढच्या उजव्या बाजूला, सिलिंडर हेडजवळ, एक छोटी सपाट जागा आहे. तिच्यावर जुळणीची तारीख, इंजिनाच्या प्रकाराची अक्षरे (३६० हॉर्सपॉवरचे असेल तर 'आरएफ') आणि गाडीचा क्रमांक ठोकलेला असतो. हा क्रमांक गाडीच्या पाटीशी जुळला की तिला 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात. पैसा इथे असल्याने लबाडीही इथेच चालते: जुना ब्लॉक आणायचा, ती जागा घासायची, हवे ते आकडे ठोकायचे. पण कारखान्यातल्या यंत्राने त्या जागेवर बारीक समांतर रेघा उमटवलेल्या असतात आणि घासताना त्या पुसल्या जातात. पारखी माणूस आकडे वाचण्याआधी या रेघा शोधतो.

या पारखीला शिस्त लावली ती १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटीने. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी असावी, हा तिचा निकष. त्यामुळे कारखान्यापेक्षा सफाईदार रंगकाम केलेल्या गाडीचे गुण कापले जातात. मूळच्या रंगाला संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीतपणा असेल, तर तो तसाच उतरवावा लागतो. कारागिराने मुद्दाम कमी नेटके काम करायचे, हा हट्ट बाहेरच्या माणसाला वेडगळ वाटतो. पण मूळ गाडी कशी होती याची नोंद याच हट्टामुळे टिकली.

दुसरा पंथ 'रेस्टोमॉड'वाल्यांचा. बॉडी १९६३ ची, आत आधुनिक इंजिन, डिस्क ब्रेक आणि एअर कंडिशनर. कॉर्व्हेटला चारही चाकांना डिस्क ब्रेक १९६५ मध्ये मिळाले, हे पाहता रोज चालवणाऱ्याची सोय समजण्यासारखी आहे. असा बदल आधीच इंजिन हरवलेल्या गाडीवर केला तर कुणी नाक मुरडत नाही. आकडे जुळणारी फ्युएल इंजेक्शनची कूपे त्यासाठी फोडली, तर मात्र जुन्या हौशींच्या लेखी ते पापच.